बसणारी सीट आणि मोर्शीचं फाटक

ईरा आणि नील,

तुमच्या बाबाने घरच्या ग्रुपवर टाकलेला माझा फोटो तुम्ही पाहिला आहे. ईराने त्याखाली हसून हसून रडणाऱ्या चेहऱ्यांची रांग लावली, तीही मी पाहिली. त्या फोटोत मी सायकलवर आहे, माझे गुडघे हनुवटीशी आले आहेत, आणि मागे चहाच्या टपरीवरची मंडळी न पाहिल्यासारखं करून पाहत आहेत. फोटो खरा आहे. त्याखाली बाबाने ‘आईचा जगप्रवास’ असं लिहिलं आहे, ते खरं नाही. मी अमरावतीहून चांदूर बाजारमार्गे मोर्शीला गेले होते. आता घरी परतल्यावर पाठ शेकत शेकत सगळं क्रमाने लिहिते आहे, कारण तुमच्यापर्यंत फक्त गुडघे पोचले आहेत.

अमरावती

मोर्शीची कमलआजी तुम्हाला आठवत असेल. तुमच्या आजोबांची धाकटी बहीण, म्हणजे माझी नणंद. तिच्या बोलण्याची तुम्हाला गंमत वाटायची, कारण ती ‘मी येते’ न म्हणता ‘मी येतो’ म्हणते. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन पावसाळ्यात झालं. ऑपरेशन उत्तम झालं, असं डॉक्टर म्हणाले, आणि कमलने ते इतकं मनावर घेतलं की उत्तम झालेल्या गुडघ्याला पुन्हा त्रास नको म्हणून ती बसली. पडवीतल्या बंगईवर, म्हणजे आपल्या झोपाळ्यावर, बसली ती बसलीच. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीला तिने चहा पाजून परत पाठवायला सुरुवात केली. दिवाळी गेली तरी तिची हद्द बंगई ते स्वयंपाकघर एवढीच. डॉक्टरांनी तिच्या सुनेला स्पष्ट सांगितलं की आता चालल्या नाहीत तर गुडघा असाच आखडून राहील, मग आमच्याकडेही उपाय नाही.

मी रोज फोनवर तिला चालायला सांगत असे. तुम्हाला माहीत आहे, मी एकदा सांगून थांबणाऱ्यांपैकी नाही. शेवटी ती वैतागली.

“वैनी, तू खुर्चीत बसून मले चाल चाल म्हणते, तुयं काय जाते? तू अमरावतीहून सायकलवर ये. मंग मी फाटकापर्यंत येतो.”

मी म्हटलं, येते.

“बसून ये पण. हातानं ढकलत आणशीन तं मी उठणार नाई.”

असा हा करार. एका बाईने उठावं म्हणून दुसरीने बसून जायचं.

सायकल नीलची, मागच्या सुट्टीत तो इथे ठेवून गेला ती. तिला मध्ये आडवा दांडा आहे, त्यामुळे तिच्यावर चढायचं तर मला ओटा लागतो. आपल्या घराला ओटा आहे. रोज सकाळी मी कॉलेजच्या मैदानाला फेऱ्या मारत असे आणि घरी परतताना रस्ता मला थोडा जवळ आल्यासारखा वाटे. मी ते वयावर ढकललं. सत्तरीनंतर माणूस उंचीने कमी होतं, असं वाचलेलं होतं. प्रत्यक्षात सीट खाली जात होती. सीटखालची जुनी गंजलेली दांडी दिवाळीत कोपऱ्यावरच्या दुकानात बदलून घेतली होती, तेव्हापासूनचं हे दुखणं. निघायच्या आदल्या दिवशी मी सीट वर ओढून पान्याने तिचा नट आवळला, पाना पिशवीत टाकला आणि प्रश्न मिटला असं समजले.

वलगावच्या पुढे

थंडी छान होती. कापसाची वेचणी चालू होती, तुरीच्या शेंगा भरत आल्या होत्या. मी सलवार-कमीज घातलेली, कानाला मफलर, पाठीला पिशवी. वलगाव मागे पडेपर्यंत माझी ऐट होती. मग रस्ता खराब झाला आणि प्रत्येक खड्ड्यागणिक मी जमिनीच्या जवळ जायला लागले.

सीट खाली गेली की गुडघे वर येतात, आणि गुडघे वर आले की पायडल मारायला बळ राहत नाही. कापूस वेचणाऱ्या बायका कमरेला ओटी बांधून रस्त्याच्या कडेने चालल्या होत्या. त्यांतली एक मला चालत मागे टाकता टाकता म्हणाली, “आजी, सायकल लहान हाय का तुमी मोठ्या?” बाकीच्या हसल्या. माझ्या माहेरी पुण्यात असं कुणी बोललं असतं तर मी थांबून समज दिली असती. पण मी इथे लग्न होऊन आले त्याला आता एक जन्म लोटला, आणि मला एवढं कळतं की वऱ्हाडात ज्याची चौकशी टोमण्यानं होते, त्याला आपलं मानलेलं असतं. शिवाय थांबून समज द्यायची तर खाली उतरावं लागलं असतं.

पुढे फाट्यावर एक पंक्चरचं दुकान लागलं. दुकान म्हणजे निंबाला टांगलेला टायर आणि त्याखाली गजाननभाऊ. माझं मराठी शुद्ध आहे, याचा मला थोडा अभिमान आहे. मी शुद्ध मराठीत तक्रार सांगितली.

“भाऊ, सीट बसते.”

त्यांनी सीटवर थाप मारून पाहिली. “बसते तं चांगलं हाय नं, मावशी. बसत नसती तं पंचाईत होती.”

मग मी म्हटलं, सीट घसरते. त्यांनी मान हलवली, पाना घेतला आणि सीटचं नाक वर करून दिलं, म्हणजे मी पुढे घसरणार नाही. मी थोडं जाऊन पाहिलं. सीट पहिल्यासारखीच खाली आली. फरक एवढाच की आता मी आभाळाकडे तोंड करून खाली येत होते. परत आले आणि हाताने वरून खाली दाखवत म्हटलं, अहो, ही अशी खाली खाली जाते.

“म्हंजे बसून राह्यली. तसं सांगा नं पहिलेच.”

“पहिल्यांदा तेच तर सांगितलं.”

“तुमी बसते म्हणल्या. बसते म्हंजे फिट हाय. बसून राह्यली म्हंजे खाली चालली.”

साधा वर्तमानकाळ आणि चालू वर्तमानकाळ यांतला फरक मी शाळेत इंग्रजीच्या तासाला वर्षानुवर्षं शिकवला. तो न कळल्यामुळे कुणाची पाठ दुखल्याचं मात्र पहिल्यांदाच पाहिलं.

रोग कळल्यावर औषध बरोबर मिळतंच असं नाही. गजाननभाऊंनी नट आवळला, सीटचं नाक सरळ केलं, आणि दांडी करकरते आहे असं लक्षात आल्यावर आपल्यातर्फे भेट म्हणून नळीत भरपूर तेल सोडलं. करकर थांबली. नळीतल्या त्या बिचाऱ्या गंजाचा जो काही आधार होता, तोही थांबला. आता सीट टप्प्याटप्प्याने न येता लिफ्टसारखी खाली येऊ लागली.

पुढच्या टपरीवर आलुबोंडा खाल्ला. वर सांबार टाकू का, असं टपरीवाल्याने विचारलं. ईरा, घाबरू नकोस. इथे सांबार म्हणजे कोथिंबीर, हे तू इडली शोधत बसली होतीस तेव्हाच तुला समजावलं होतं. निघताना मला वाटलं की कमलसाठी पुरावा असावा, म्हणून मीच एका गृहस्थांना फोन देऊन म्हटलं, मी सायकलवर बसलेली आहे हे नीट दिसू द्या. त्यांनी फार नीट दाखवलं. तोच तो फोटो. मी तो तुमच्या बाबाला कौतुकाच्या अपेक्षेने पाठवला होता.

चांदूर बाजार

थोडं बसून, बरंचसं ढकलून मी दुपारी चांदूर बाजारला पोचले. ढकलण्याबद्दल करारात फक्त कमलच्या फाटकाचा उल्लेख होता, अशी मी मनाची समजूत घातली. मुक्काम मंदाकडे होता. मंदा माझी जुनी विद्यार्थिनी. ती आणि तिचे यजमान विठ्ठलराव गावाबाहेरच्या मळ्यात फुलकोबी, मेथी आणि झेंडू लावतात. वर्गात ती मला ‘मॅडम’ म्हणायची, आता ‘बाई’ म्हणते, आणि वाढताना दोन्ही विसरून आईसारखी दटावते. तिने पाटोडीचा रस्सा केला होता. बेसनाच्या वड्या आणि वर तेलाचा लाल तवंग. तिकडे परदेशात तुमच्या घरी खिडक्या बंद ठेवून असा रस्सा करू नये, धुराची घंटा वाजेल. ज्वारीची भाकर, कांदा, आणि शेवटी ‘अजून थोडं’ हा आग्रह. पुण्यात पाहुण्याला विचारून वाढतात, इथे पाहुण्याला वाढून विचारतात.

जेवण झाल्यावर विठ्ठलरावांनी सायकलभोवती एक फेरी मारली आणि सोपा उपाय सांगितला. त्यांची भाजीची गाडी सकाळी मोर्शीला जाणार होती. सायकल मागे टाकू, बाई पुढे बसतील, कमलबाईंच्या गल्लीच्या तोंडाशी उतरू, आणि तिथून बाईंनी ऐटीत सायकलवर जावं. तेवढ्या अंतरात सीट काही खाली येत नाही.

“कोणाले समजणार हाय, बाई?” ते म्हणाले.

खरं सांगते, माझ्या कमरेने ताबडतोब हो म्हटलं. बाकीची मी सायकलकडे पाहत होते. मंदा ताटं उचलत होती. तिने नवऱ्याकडे न पाहता विचारलं, “परीक्षेत कोणी कॉपी केली तं बाई काय करत माहीत हाय का तुमाले?” माझी बाजू घेतल्याबद्दल तिचे आभार मानावेत की गाडी घालवल्याबद्दल रागवावं, हे माझं अजून ठरलेलं नाही. पण कमल खोटं ओळखते. लग्न झाल्यापासून माझ्या प्रत्येक भाजीत काय कमी पडलं हे तिने वासावर सांगितलं आहे. गाडीतून उतरलेली भावजय ती गल्लीच्या तोंडाशीच हुंगेल, आणि मग ती त्या बंगईवरून कधीच उठणार नाही, अशी मला भीती होती. ती भीती गमतीची नव्हती.

मग नीलला फोन लावला. नील, तू सांगितलंस ते सगळं बरोबर होतं: तेल पुसून काढ, दांडी नळीपेक्षा बारीक आहे का बघ, असेल तर मध्ये पत्र्याची पट्टी घाल. आणि म्हणालास, सायकलच्या दुकानात वेळ ठरवून जा. तुमच्याकडे तसं जावं लागतं, मी पाहिलं आहे. इथे वेळ ठरवली की त्या वेळी दुकानदार जेवायला जातो. न ठरवता गेलं तर तो असतो, फक्त त्याचा धंदा वेगळा असतो.

तशी मी गावातल्या सलीमभाईंकडे गेले; त्यांचा धंदा खिडक्यांच्या ग्रिल आणि बैलगाडीचे धुरे बनवण्याचा. सायकल आमी पाहत नाई, असं म्हणत त्यांनी ती हातातून ओढूनच घेतली. दांडी बाहेर काढली, नळीत घालून हलवली, आणि खुळखुळ आवाज मला ऐकवला.

“बाई, या दोघांचं लग्न कोणं लावलं? जोडाच जमत नाई.”

त्यांनी पेट्रोलच्या फडक्याने तेल पुसलं, थंड पेयाच्या रिकाम्या डब्याची पट्टी कापून दांडीला गुंडाळली आणि दांडी ठोकून आत बसवली. एवढं झाल्यावर त्यांना काम फार किरकोळ वाटू लागलं. “एक टाका वेल्डिंगचा मारून देऊ का? मंग तुमच्या नातवाच्या नातवालेही हलणार नाई.” मी त्यांना हात जोडून परावृत्त केलं. टाक्याची हौस त्यांनी पान्यावर भागवली. पान्याला हातभर लोखंडी पाइप लावला आणि नट असा आवळला की तो ओरडला.

त्याआधी त्यांनी उंची किती ठेवू असं विचारलं होतं. या विषयावर मी इंटरनेटवर भरपूर वाचलेलं होतं. पायडल अगदी खाली असताना पाय जवळजवळ सरळ व्हायला हवा, म्हणजे गुडघ्यावर भार येत नाही, असं मी त्यांना सविस्तर समजावलं, आणि एका गुडघ्यापायी निघालेल्या बाईने दुसरा गमावू नये हेही जोडलं. त्यांनी सायकल ओट्याला लावून मला वर बसवलं, पाय सरळ करायला लावला, आणि मी सांगितलं तिथेच सीट पक्की केली.

“आता बसणार नाई.”

“कोण?”

“सीट, बाई. तुमी बसा.”

मोर्शीचा रस्ता

काय सुख होतं ते. गुडघे जागच्या जागी, पाठ ताठ. सीट केसभरही हलली नाही. डावीकडे सातपुड्याची निळी ओळ, पुढे संत्र्यांच्या बागा, पानांच्या काळपट हिरव्यात पिवळे दिवे लावल्यासारखी फळं. मी शाळेतल्या मुलीसारखी घंटी वाजवत चालले होते. पाणी प्यायला थांबावं असं वाटलं, ब्रेक दाबला, पाय खाली सोडला, आणि पायाला रस्ता सापडेना.

चुकीचं काही नव्हतं. उंची अगदी शास्त्रशुद्ध होती. शास्त्र फक्त चालवण्याबद्दल बोललं होतं, उतरण्याबद्दल त्यात काही नव्हतं. तरुण माणूस सीटवरून पुढे सरकून पाय टेकतो, पण पुढे दांडा, आणि माझ्या वयाला ती उडी झेपणारी नाही. तोवर सीट खाली यायची म्हणून मी उतरू शकत होते, हे मला तेव्हा कळलं. पिशवीतल्या माझ्या पान्याने सलीमभाईंचा नट सुटण्याचा प्रश्नच नव्हता.

सुदैवाने समोर नाल्यावरचा पूल होता. मी हळूहळू कठड्याशी गेले आणि त्याला मिठी मारली. त्यानंतर पुढचा सगळा मुलूख मी एकाच नजरेने पाहिला: इथे उतरता येईल का? पुलाचा कठडा चालतो. शेताचा बांध, उंच असेल तर चालतो. बस थांब्यावरचा बाक उत्तम. बाभूळ चालत नाही, ते मी करून पाहिलं.

एका बागेच्या कडेला संत्र्यांचा ढीग घातला होता आणि बायका गोल बसून मोठी-लहान निवडत होत्या. मी त्यांच्यापुढून एकदा गेले, वळून दुसऱ्यांदा गेले.

“उतरा नं आजी, संत्रं खा.”

“उतरता येत नाही.”

“मंग चढल्या कायले?”

त्या बाईने फळांचं रिकामं क्रेट उपडं करून रस्त्यावर ठेवलं, माझा पाय त्यावर टेकवला, आणि मी राणीसारखी उतरले. संत्री थंडगार होती. रस हातावरून कोपरापर्यंत गेला. क्रेट बरोबर न्या, असं त्या म्हणाल्या, पण ते बांधायला जागा नव्हती, आणि मला त्याची गरजही वाटली नाही. कमलच्या फाटकाला लागून दगडी ओटा आहे. तुमचे आजोबा त्याच्यावर पाय ठेवून बुटाच्या नाड्या बांधत. तो मला चांगला ठाऊक होता.

फाटक

मोर्शीत शिरले तेव्हा भर दुपार होती. गल्ली जेवून झोपली होती. सून बागेत तोडणीवर गेलेली, हे मला माहीत होतं. मी घंटी वाजवत वळले. फाटकातून पडवी दिसत होती, बंगई दिसत होती, आणि बंगईवर कमल. बसूनच आले होते मी, ताठ. हात वर करावासा वाटला, पण केला नाही.

मग ओट्याकडे पाहिलं. तिथे ओटा नव्हता. नवी सिमेंटची नाली होती, आणि तिच्या कडेने गिट्टीचे, म्हणजे खडीचे, ढीग.

मी पुढे गेले, वळून परत आले.

“उतर नं, वैनी,” कमल बंगईवरून म्हणाली.

“ओटा कुठे आहे?”

“असा कसा कुठी हाय? फाटकापाशी.”

“नाही. नालीत गेला.” एवढं बोलेपर्यंत मी पुढे निघून गेले होते. परत येईपर्यंत तिचं उत्तर तयार होतं.

“कावून खोटी बोलते? माया लग्नाच्या आधीपासून हाय तिथं.”

“तू शेवटचा कधी पाहिलास?”

मी अजून एक फेरी मारली. पायडल जड व्हायला लागलं होतं, आणि वळताना पुढचं चाक गिट्टीत रुतलं तर मी कुठे पडेन याचा विचार न करण्याचा प्रयत्न करत होते. या गल्लीत मला उतरवून घेईल असं एकच माणूस जागं होतं, आणि ते उठत नाही ही माहीत असलेली गोष्ट होती.

“दिसत नसन तुले,” ती म्हणाली. “चष्मा बदल.”

“ये आणि दाखव मग.”

मी फाटकापुढून गेले तेव्हा ती बंगईच्या कड्या धरून उभी होती. वळून आले तेव्हा पडवीच्या पायरीवर. त्यानंतरच्या फेरीत ती अंगणात होती, एका हाताने भिंत धरून, तोंडाने मला चष्म्याचा नंबर सांगत. मी फेऱ्या चालू ठेवल्या. भावजयीला खोटं पाडायला निघालेल्या नणंदेला मध्ये अडवू नये.

फाटक उघडून ती बाहेर आली आणि नालीकडे पाहत राहिली. मग नाली खोदणाऱ्या कंत्राटदाराच्या घराण्याचा तिने जो उद्धार केला, तो मी इथे लिहीत नाही. तो संपवून तिने माझं कॅरिअर दोन्ही हातांनी धरलं, पाय रोवून. “उतर आता. माया खांद्यावर हात ठेव.” मी तिच्या खांद्याचा आधार घेतला, पाय दांड्यावरून काढला आणि उतरले. तिला दम लागला होता. मलाही.

“चालत आलीस,” मी म्हटलं.

“मी कुठी चालत आली? मी ओटा पाहाले आली.”

आम्ही मधे सायकल धरून तशाच उभ्या राहिलो. सोडली असती तर कुणी तरी पडलं असतं.

परत मी एसटीने आले. सायकल कमलकडेच आहे. नट कुणाला सुटत नाही, आणि तिच्यावर चढायला तिथे ओटा नाही. कमलने गवंडी बोलावला आहे. तो दगड बरोबर बसवत नाही, असं तिचं म्हणणं, म्हणून ती रोज संध्याकाळी फाटकापाशी जाऊन त्याच्या डोक्यावर उभी राहते, असं सून सांगते. दगड बसून राह्यले का बसले, हे मी फोनवर नीट विचारून घेतलं.

ईराने विचारलं आहे की पोचल्याचा फोटो का नाही. फोटो काढू शकतील अशी तिथे दोनच माणसं होती, आणि त्यांचे चारही हात सायकलला होते. तेव्हा तुम्ही तो गुडघ्यांचाच ठेवा.

तुमची,
आजी